निळ्या टोपणाची नळी

मुलाला पहिला झटका आला तेव्हा तो सात महिन्यांचा होता. इंदुरात रामबागेतल्या आमच्या घरी सकाळची पूजा चालली होती. भुकेनं रडता रडता तो एकाएकी गप्प झाला आणि त्याचे ओठ जांभूळ खाल्ल्यासारखे दिसायला लागले. टेट्रालॉजी ऑफ फॅलो हे नाव त्याच आठवड्यात कळलं. हृदयाच्या दोन कप्प्यांमध्ये भोक आणि फुफ्फुसाकडे जाणारी वाट अरुंद, म्हणून निळं रक्त शुद्ध न होताच अंगभर फिरतं. झटका आला की त्याचे गुडघे छातीशी घट्ट दुमडून धरायचे, हे रुग्णालयातल्या नर्सनं हात धरून शिकवलं. पुढचं दीड वर्ष मी ते अर्ध्या झोपेतही करत होते.

मी इंदुरातल्याच एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत सतरा वर्षं तंत्रज्ञ आहे. डीएमएलटी ही लॅब तंत्रज्ञाची पदविका झाल्यापासून दुसरं काही केलेलं नाही, आणि त्यातली शेवटची नऊ वर्षं रक्त गोठण्याच्या तपासण्यांच्या टेबलावर. पीटी आणि एपीटीटी, म्हणजे गुठळी व्हायला किती सेकंद लागतात ते, आणि फायब्रिनोजेन, म्हणजे गुठळीचे धागे ज्यातून बनतात ते प्रथिन. दिवसाला पन्नास-साठ निळ्या टोपणाच्या नळ्या हातातून जातात. त्यामुळे ऑपरेशनआधीच्या तपासण्यांची यादी आली तेव्हा बाकी कशाचीही भीती वाटली तरी या ओळीची वाटली नव्हती.

रक्त द्यायला त्याला गर्दीत न्यायचं नव्हतं. रडला की निळा पडायचा. म्हणून घरी येऊन सॅम्पल नेणाऱ्या एका लॅबला बोलावलं. लॅबचा मुलगा हुशार होता, एका टोचण्यात रक्त काढलं, नळीही रेषेपर्यंत नीट भरली. संध्याकाळी फोनवर रिपोर्ट आला: एपीटीटी ५८ सेकंद, कंट्रोल, म्हणजे निरोगी रक्ताचा आकडा, २९. पीटी १८. हिमॅटोक्रिट, म्हणजे शंभर भाग रक्तात लाल पेशी किती, ६२.

दुसऱ्या दिवशी सर्जननी तारीख पुढे ढकलली. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. कंट्रोलच्या दुप्पट एपीटीटी असलेल्या, दोन वर्षं पुरी व्हायला आलेल्या मुलाची छाती कोणीही उघडणार नाही. फॅक्टरच्या, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या प्रथिनांच्या, तपासण्यांसाठी सॅम्पल मुंबईला पाठवायचं ठरलं. हिमोफिलिया हा शब्द कोणी उच्चारला नाही, पण माझ्या भावंडांत, मामेभावांत कोणाला रक्त न थांबण्याचा त्रास होता का, हे मला दोनदा विचारलं गेलं. तसं काहीच नव्हतं. दात काढणं, बाळंतपणं, पडणं-झडणं, सगळं आठवून सांगितलं. लस टोचल्यावरही त्याला कधी गाठ आली नव्हती. खरं तर या उत्तरांनाच जास्त वजन द्यायला हवं होतं. पण छापील आकड्यासमोर आईच्या सांगण्याला किती किंमत येते हे मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूनं सतरा वर्षं बघत आले होते.

त्या रात्री जेवताना सासूबाई म्हणाल्या, "अगं, याचं रक्त घट्ट झालंय म्हणून सांगतात, आणि गोठत नाही असंही सांगतात. दोन्ही एकदम कसं गं?"

मी काहीतरी उत्तर दिलं. ऑक्सिजन कमी म्हणून शरीर लाल पेशी जास्त बनवतं, म्हणून रक्त घट्ट, आणि गोठणं ही वेगळी गोष्ट, असं. भांडी घासून झाली, मुलगा झोपला, आणि त्यांचा प्रश्न डोक्यातून जाईना. घट्ट रक्त. बासष्ट. मग मी उठून बसले. हे मला माहीत होतं. परीक्षेत लिहिलेलं होतं.

निळ्या टोपणाच्या नळीत सोडियम सायट्रेट असतं, ३.२ टक्के. एक भाग सायट्रेटला नऊ भाग रक्त, हे प्रमाण ठरलेलं. सायट्रेट रक्तातलं कॅल्शियम बांधून ठेवतं, म्हणून नळीत गुठळी होत नाही. आम्ही नळी सेंट्रीफ्यूजमध्ये फिरवतो, लाल पेशी खाली बसतात, वरचा पिवळा प्लाझ्मा घेतो, त्यात मोजून कॅल्शियम घालतो आणि गुठळी व्हायला किती सेकंद लागतात ते यंत्र बघतं. पण सायट्रेट जातं ते फक्त प्लाझ्मात. साधारण माणसाच्या रक्तात निम्म्याहून जास्त प्लाझ्मा असतो, त्या हिशोबानं नळी बनवलेली आहे. माझ्या मुलाच्या रक्तात प्लाझ्मा होता शंभरात अडतीस. तेवढ्याच सायट्रेटला कमी प्लाझ्मा मिळाला, सायट्रेट उरलं, आणि आम्ही नंतर घातलेलं कॅल्शियमही त्यानं गिळलं. गुठळी उशिरा होणारच. पोराच्या रक्ताचा त्यात दोष असेलच असं नाही.

हिमॅटोक्रिट ५५ च्या वर गेला की नळीतलं सायट्रेट कमी करायचं, हा जगभरच्या प्रयोगशाळांचा नियम आहे. सूत्रही आहे: ०.००१८५ गुणिले शंभरातून वजा केलेला हिमॅटोक्रिट, गुणिले रक्ताचे मिलिलिटर. रात्री साडेबाराला वाणसामानाच्या यादीमागे मी तो गुणाकार केला. लहान मुलांच्या नळीत १.८ मिली रक्त आणि ०.२ मिली सायट्रेट असतं. त्याला लागत होतं ०.१३ च्या आसपास. म्हणजे ०.०७ मिली जास्त.

सकाळी त्या लॅबला फोन केला. पलीकडच्या माणसानं शांतपणे सांगितलं की मशीनचं कॅलिब्रेशन बरोबर आहे, कंट्रोल पास आहे, हवं तर फुकट पुन्हा करून देतो. त्याच नळीत पुन्हा. मला इतका राग आला की फोन ठेवून दिला. त्यांच्याच रिपोर्टवर, त्याच पानावर, आठ ओळी वर हिमॅटोक्रिट ६२ छापलेला होता. दोन्ही आकडे एकाच माणसाच्या सहीनं गेले होते आणि त्यानं ते एकमेकांशेजारी ठेवून पाहिले नव्हते. आमचा मुलगा मात्र आणखी तीन आठवडे झटके सोसत घरी.

आणि तरी तो राग मला पुरता करता येईना, कारण दुपारी मी आमच्याच लॅबच्या जुन्या नोंदी काढल्या. निळी मुलं आमच्याकडेही येतात. साठाच्या वरचे हिमॅटोक्रिट, लांबलेली एपीटीटी, खाली माझी सही. किती जणांची तारीख पुढे गेली असेल, किती जणांना उगाच प्लाझ्मा चढवला गेला असेल, हे त्या वहीतून कळत नाही.

पुन्हा सॅम्पल आमच्या रुग्णालयात काढलं, तो दूध पिऊन झोपल्यावर. मी नळीचं टोपण काढलं, नारिंगी टोपीची इन्सुलिनची सिरिंज घेतली. तिच्यावर शंभर घरं म्हणजे एक मिली, म्हणून सात घरं. सिरिंजमध्ये पाण्यासारखं स्वच्छ सायट्रेट सात घरांपर्यंत चढलं, दिव्याकडे धरून बुडबुडा नाही ना ते पाहिलं. इतकंसं. डोळ्यात घालायच्या औषधाचा एक-दीड थेंब. नर्सनं मुलाच्या मनगटाजवळची शीर पकडली, १.८ मिली मोजून घेतलं, सुई काढून नळीच्या भिंतीवरून हळू सोडलं. मी टोपण लावून नळी चार-पाच वेळा उलटीसुलटी केली, हलवली नाही. माझे हात थरथरत होते म्हणून शेवटी ती दुसरीच्या हातात दिली.

एपीटीटी ३७ सेकंद. पीटी १४.५.

थोडं लांबलेलं होतं, ते खरंच होतं. निळ्या मुलांत प्लेटलेट आणि फायब्रिनोजेन थोडे कमी असू शकतात. त्याच्या प्लेटलेट १ लाख ४० हजार होत्या. शिवाय रिपोर्टावर छापलेली साधारण मर्यादा मोठ्या माणसांची असते. मुलांचं गोठणं वयाबरोबर बदलत जातं, जन्मतः काही फॅक्टर मोठ्यांच्या निम्म्यावर असतात, हे कॅनडाच्या मॉरीन अँड्र्यू यांनी १९८७ मध्ये नवजात बाळांची मोजणी करून मांडलं. तरी बहुतेक ठिकाणी अजून बाळाचा आकडा मोठ्याच्याच फूटपट्टीला लावला जातो. भूल देणाऱ्या मॅडमनी दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवले, माझा वाणसामानाचा कागदही मागून घेतला, आणि तारीख पुन्हा लागली.

तेव्हाच त्यांनी सांगितलं की ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरात, टेग लावू. टेग म्हणजे थ्रोम्बोइलॅस्टोग्राफ. जर्मनीत हार्टर्ट नावाच्या डॉक्टरांनी १९४८ मध्ये काढलेली कल्पना: रक्ताचे काही थेंब छोट्या कपात घ्यायचे, आत एक बारीक खुंटी सोडायची, कप हळूहळू डावी-उजवीकडे झुलवायचा. रक्त पातळ असेतो खुंटी स्थिर राहते. धागे धरायला लागले की कपाबरोबर खुंटीही हलायला लागते आणि कागदावर रेघ दोन्ही बाजूंना फुगत जाते. प्लाझ्मा वेगळा काढायचा नाही, लाल पेशी, प्लेटलेट सगळं आहे तसं. आणि यंत्र ओटीच्या दाराशी.

मला ते मनापासून पटलं नव्हतं. आमच्या लॅबमध्ये रोज सकाळी दोन पातळ्यांचे कंट्रोल, म्हणजे आकडा आधीच माहीत असलेले नमुने, लावल्याशिवाय एक रिपोर्ट बाहेर जात नाही. ते यंत्र कोणी चालवायचं, टेबलाला धक्का लागला तर रेघेचं काय, असं मी मॅडमना विचारलंही. त्या म्हणाल्या, "धक्का लागू नये म्हणून ते भिंतीतल्या कडाप्प्यावर बसवलंय. आणि चालवणारा परफ्युजनिस्ट महिन्याला कंट्रोल लावतो की नाही ते तुम्हीच येऊन बघा." मी गेले, पाहिलं. हृदय-फुफ्फुस यंत्र सांभाळणारा तो परफ्युजनिस्ट कंट्रोल महिन्याला नाही, रोज लावत होता.

ऑपरेशनच्या दिवशी त्याचं वजन साडेनऊ किलो. किलोला पंच्याहत्तर मिली धरलं तर अंगात रक्त सातशेच्या आसपास, सांचीच्या अर्ध्या लिटरच्या दीड पिशवी दुधाहूनही कमी. हा हिशोब मला माहीत नसता तर बरं झालं असतं, असं त्या बाकावर बसून वाटत होतं.

आत काय काय झालं ते मला दुसऱ्या दिवशी मॅडमनी कागद समोर ठेवून सांगितलं, त्यामुळे वेळांसकट लिहिते. हृदय-फुफ्फुस यंत्राला जोडण्याआधी हेपरिन दिलं, किलोला ४०० युनिट, म्हणजे ३८००. रक्त तेव्हा अजिबात गोठायला नको असतं. रक्त किती सेकंदांत गोठतं ते बघणारी एसीटी नावाची तपासणी टेबलाशेजारीच दर अर्ध्या तासानं होते, दोन मिली रक्त आणि काही मिनिटं. ती ४८० सेकंदांच्या वर ठेवतात. १९६६ मध्ये हॅटर्सलीनं काढलेली ही साधी गोष्ट, पण तिच्याशिवाय त्या यंत्रावर कोणालाही ठेवता येत नाही. इथं आमच्या एपीटीटीचा काही उपयोग नाही. एवढ्या हेपरिनमध्ये आमच्या नळीत गुठळी होतच नाही.

दुरुस्ती झाली, यंत्रावरून काढलं, हेपरिन उतरवायला प्रोटामिन दिलं. एसीटी १२८ वर आली. आणि तरी टाक्यांमधून रक्त झिरपत राहिलं. धार नाही, ओल. सर्जन कापसाचे तुकडे दाबून धरत होते.

एक वाजून पाच मिनिटांनी दोन सॅम्पल निघाली. एक टेगच्या कपात. एक निळ्या नळीत, वॉर्डबॉयच्या हाती, चौथ्या मजल्यावरून पहिल्यावर. तोवर यंत्राच्या पाण्यानं रक्त पातळ होऊन हिमॅटोक्रिट ३३ वर आला होता, म्हणून साधी नळी चालणार होती, हे मॅडमनी आवर्जून तपासलं होतं.

सव्वाला माझा मोबाइल वाजला. लॅबमधली माझी जोडीदारीण. "दीदी, सैंपल आ गया है, लगा दिया।" मला डोळ्यांसमोर दिसत होतं: नोंद, बारकोड, सेंट्रीफ्यूजचं झाकण, १५ मिनिटं. ती १५ मिनिटं कमी करता येत नाहीत. कमी फिरवलं तर प्लाझ्मात प्लेटलेट राहतात आणि आकडा बिघडतो. मग यंत्रावर, मग फायब्रिनोजेन वेगळं, मग संशयास्पद आकडा म्हणून पुन्हा एकदा. मी सतरा वर्षं "अर्जंट आहे हो" म्हणणाऱ्या फोनांना "सॅम्पल लावलंय" हेच उत्तर दिलं आहे. त्या बाकावर ते उत्तर पहिल्यांदा मला मिळालं.

एक चाळीसला दार उघडलं. मी धावले, तर रक्तपेढीचा माणूस थंड डबा घेऊन आत जात होता. त्याला पिशव्या आणायला सांगून वीस मिनिटं झाली होती.

रिपोर्ट छापला गेला एक अठ्ठावन्नला. पीटी १८, एपीटीटी ४९, फायब्रिनोजेन ११८, प्लेटलेट ६८ हजार. प्लेटलेटचा आकडा तेवढा आधी, दहा मिनिटांत फोनवर दिला होता. एकही आकडा चुकलेला नव्हता. माझ्या मैत्रिणीनं तासाच्या आत सगळं दिलं, याहून लवकर ते होत नाही. पण त्या आकड्यांतला मुलगा एक वाजून पाच मिनिटांचा होता. दोन वाजताच्या मुलाच्या अंगात तोवर दोन पिशव्या क्रायो, म्हणजे प्लाझ्मातला फायब्रिनोजेननं भरलेला भाग, आणि प्लेटलेट गेले होते, आणि ओल थांबली होती.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी टेगच्या रेघा दाखवल्या. दोन कप एकदम लावले होते, एक साधा, एक हेपरिन खाऊन टाकणारं औषध घातलेला. दोन्हीत धागा धरायला सारखाच वेळ लागला. म्हणजे हेपरिन उरलेलं नाही, आणखी प्रोटामिन नको. हे सहा-सात मिनिटांत कळलं. मग रेघ फुगायला हवी होती दुधी भोपळ्यासारखी. ती राहिली पडवळासारखी. सुरुवात वेळेवर, पण गुठळीत ताकद नाही. ताकद येते फायब्रिनोजेन आणि प्लेटलेटमधून. फायब्रिनोजेनचा वेगळा कपही अशक्त होता.

"तुमचा एपीटीटी ४९ माझ्या हातात आधी आला असता," मॅडम म्हणाल्या, "तर मी काय केलं असतं? हेपरिन राहिलंय की फॅक्टर कमी आहेत, ते तो सांगत नाही. मी बहुधा एफएफपी, म्हणजे रक्तपेढीतला गोठवलेला प्लाझ्मा, दिला असता. किलोला पंधरा मिली म्हणजे एकशेचाळीस. आत्ताच शिवलेल्या हृदयात. आणि त्यात फायब्रिनोजेन थोडंसंच."

मला माझ्या टेबलाची बाजू घ्यायची होती, आणि ती मी घेतली. फायब्रिनोजेन ११८ हा आकडा नसता तर पडवळ बरोबर वाचलं की चुकलं हे कसं कळलं असतं, असं मी म्हटलं. त्यांनी मान डोलावली. सौम्य व्हॉन विलब्रांड हा रक्त न थांबण्याचा आनुवंशिक आजार टेगला दिसत नाही, हेही त्यांनीच सांगितलं; अशा मुलाची रेघ छान भोपळ्यासारखी येईल आणि टॉन्सिल काढल्यावर रक्त थांबणार नाही. तिथं घरच्यांना विचारलेले प्रश्न आणि आमची लॅब, दोन्ही लागतं. म्हणूनच त्या दोन्हीकडे सॅम्पल पाठवतात आणि दर महिन्याला कागद जुळवून बघतात.

पहिल्या रात्री आयसीयूत मला पाच मिनिटं आत सोडलं. छातीतल्या नळीच्या बाटलीवर नर्सनं पेनानं रेघा मारल्या होत्या: पहिल्या तासाला २८ मिली, मग १९, मग ११, मग ६. मी त्या रेघांकडेच बघत उभी राहिले. मग तिनं चादर थोडी सरकवून त्याचा पाय दाखवला. नखं गुलाबी होती. दोन वर्षांत मी त्याची गुलाबी नखं पाहिली नव्हती. फोटो काढायचं सुचलं नाही.

पहाटे चारला एपीटीटी १८० च्या वर आली आणि धावपळ उडाली. बाटलीत त्या तासाला ५ मिली होते. मॅडमनी आधी बाटली पाहिली, मग विचारलं, सॅम्पल कुठून घेतलं? धमनीतल्या नळीतून, जी हेपरिनच्या पाण्यानं वाहती ठेवतात. आधीचं रक्त पुरेसं टाकून दिलं नव्हतं. शिरेतून पुन्हा घेतलं, ३८ आली.

आता तो चार वर्षांचा आहे. छातीवर बोटभर लांब वण आहे आणि सराफ्याच्या रात्रीच्या खाऊबाजारात गेलो की जलेबी मिळेपर्यंत हलत नाही.

आमच्या लॅबच्या फॉर्मवर निळ्या नळीच्या चौकटीत "हिमॅटोक्रिट" असा रकाना मी भांडून छापून घेतला. ५५ च्या वर असेल तर सॅम्पल काढण्याआधी आम्हाला फोन यायचा, आणि नळी आम्ही बनवून वर पाठवायची. ज्या जुन्या नोंदींवर माझी सही होती त्यांतल्या पत्ता लागलेल्या चार मुलांच्या डॉक्टरांना कळवलं. दोघांचं ऑपरेशन होऊन गेलं होतं.

मागच्या मंगळवारी खरगोनची एक तीन वर्षांची मुलगी आली, हिमॅटोक्रिट ६६. तिची आई खिडकीशी उभी राहून मी काय करते ते बघत होती. नऊ घरं काढली, नळीवर पट्टी लावून तारीख, वेळ आणि "सायट्रेट कमी केले" असं लिहिलं, आणि नळी वर पाठवली.